भाव पडलेले कॉर्पोरेट बाँड आता घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळ हापूसची बाग, वय साठीच्या आसपास, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन पेन्शनवर. बँकेतली वीस लाखांची ठेव पुढच्या महिन्यात सुटते आहे. कणकवलीतला वितरक म्हणतो, कॉर्पोरेट बाँडचे भाव उतरलेत, शेअरसारखंच पडल्यावर घ्यायचं असतं. त्याने एका फायनान्स कंपनीचा १२.२५ टक्क्यांचा, २७ महिन्यांचा, 'ए मायनस' मानांकनाचा (सर्वांत वरचं मानांकन ट्रिपल ए, हे त्याच्या बरंच खाली) एनसीडी, म्हणजे ठरावीक व्याजाचा कर्जरोखा, सुचवला आहे. त्यात सगळी रक्कम टाकावी का? आणि आधी घेतलेल्या कॉर्पोरेट बाँड फंडाची एनएव्ही (युनिटचा भाव) खाली आली आहे, त्यातून बाहेर पडावं का?

उत्तर आधी सांगतो. बाँड बाजारात सध्या संधी आहे, पण तुम्हाला दाखवलेल्या पेपरमध्ये, म्हणजे त्या कर्जरोख्यात, ती नाही. वीस लाख तर सोडाच, त्यात दोन लाखही घालू नका. आता कारणं सांगतो. ती नीट कळली तर पुढच्या वेळी कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

शेअर पडल्यावर घेतला आणि कंपनी सावरली तर तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. बाँडचं तसं नसतं. कंपनीला कितीही नफा झाला तरी तुम्हाला ठरलेलं व्याज आणि शेवटी मुद्दल, याहून एक रुपया जास्त मिळत नाही. कंपनी बुडाली तर मात्र मुद्दलच जातं. वरची बाजू बांधलेली आणि खालची मोकळी, असा हा व्यवहार आहे. म्हणून 'पडलंय, घ्या' हे शेअरचं गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. बाँड का पडला, हे आधी शोधावं लागतं.

बाँडचा भाव उतरण्याची कारणं मोजकीच असतात. एकूण व्याजदर वर गेले की सगळेच बाँड उतरतात, सरकारी रोखेसुद्धा. २०२२ मध्ये हेच झालं. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून वाढवत नेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्क्यांवर पोचला. २०२५ मध्ये रेपो ५.२५ पर्यंत खाली आणला, तरी लांब मुदतीच्या रोख्यांची यील्ड (आजच्या भावाला घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा; ती चढते तेव्हा भाव उतरलेला असतो) वर्षाच्या उत्तरार्धात उलट चढली आणि त्यांचे भाव उतरले. दुसरं कारण म्हणजे एखाद्या क्षेत्राला पैसा महाग होणं. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बँकांनी एनबीएफसींना (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना) दिलेल्या कर्जावरचं जोखीम-भारमान वाढवलं, म्हणजे त्या कर्जामागे बँकांना जास्त भांडवल ठेवावं लागलं, आणि चांगल्या-वाईट सगळ्याच फायनान्स कंपन्यांना जास्त व्याज मोजावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही वाढ मागे घेण्याचा निर्णय झाला. तिसरं कारण त्या कंपनीचं स्वतःचं असतं: वसुली बिघडली, बँकांनी हात आखडता घेतला, प्रवर्तक अडचणीत आले.

पहिल्या दोन कारणांनी पडलेला चांगला पेपर ही संधी. तिसऱ्या कारणाने पडलेला पेपर घेणं हा तज्ज्ञांचा धंदा आहे. त्यांच्याकडे वकील असतात, कंपनीची वही उघडून बघायचा अधिकार असतो, आणि दहांपैकी तीन बुडाले तरी तग धरण्याइतकं भांडवल असतं.

ओळखायचं कसं? त्याच काळात तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याची यील्ड किती हलली ते बघा. सरकारी रोख्याची यील्ड अर्धा टक्का चढली आणि तुमच्या पेपरचीही अर्धाच टक्का चढली, तर व्याजदराचा परिणाम झाला. सरकारी रोखा जागेवर आणि त्याच मानांकनाच्या सगळ्या फायनान्स कंपन्या मिळून चढल्या, तर क्षेत्रावर ताण आहे. सगळे जागेवर आणि ही एकटीच दीड-दोन टक्के चढली, तर बाजाराला काहीतरी कळलं आहे, जे तुमच्या वितरकाला बहुधा कळलेलं नाही.

२०१८ चं उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. आयएल अँड एफएसच्या पेपरला त्या वर्षी ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए होतं. सप्टेंबरमध्ये ते 'डी'पर्यंत, म्हणजे हप्ता चुकवलेल्या कंपनीच्या मानांकनापर्यंत, घसरलं. कंपनी कमी मुदतीचं कर्ज घेऊन पंधरा-वीस वर्षांच्या रस्ते-वीज प्रकल्पांत पैसे अडकवत होती. नवीन कर्ज मिळायचं थांबलं आणि जुनं फेडता येईना. त्या घबराटीत सगळ्या गृहवित्त आणि फायनान्स कंपन्यांचे बाँड उतरले. ज्यांनी भक्कम कंपन्यांचे पेपर तेव्हा उचलले त्यांना पुढची दोन-तीन वर्षं फार चांगला परतावा मिळाला. पण त्याच घबराटीत डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचा पेपरही स्वस्त दिसत होता. २०१६ मध्ये तिच्या जाहीर एनसीडीला ट्रिपल ए होतं आणि लोकांनी पहिल्याच दिवशी उड्या मारून अर्ज भरले होते. जून २०१९ मध्ये तिने हप्ता चुकवला, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं आणि २०२१ मध्ये पिरामल समूहाकडे ती जाईपर्यंत धारकांचे पैसे अडकून राहिले. मिळाले तेही कापून. बाजार तोच, घबराट तीच. एक पेपर सावरला, दुसऱ्याने मुद्दल खाल्लं. यील्ड बघून या दोघांतला फरक कळला नसता.

आता संधी कुठे आहे ते आकड्यांनी दाखवतो. १००० रुपये दर्शनी किमतीचा, वर्षाला ९ टक्के व्याजाचा, तीन वर्षं उरलेला एक बरा बाँड धरा. बाजारात यील्ड १०.५ झाली की त्याचा भाव साधारण ९६३ होतो. तुम्ही ९६३ ला घेतला. वर्षभरात यील्ड परत ९ वर आली, तर भाव १००० आणि वर ९० रुपये व्याज, म्हणजे वर्षाचे १३.२ टक्के. यील्ड जागेवर राहिली तर १०.५ टक्के. आणि अंदाज चुकून यील्ड आणखी दीड टक्का चढून १२ झाली तर? भाव ९४९ होतो, पण ९० रुपये व्याज हातात आलेलं असतं. वर्षाचा परतावा तरीही ७.९ टक्के.

हाच बाँड दहा वर्षांचा असता तर १०.५ यील्डला तो ९१० च्या आसपास मिळाला असता. यील्ड १२ झाल्यावर वर्षाने भाव ८४० वर येतो आणि व्याज धरूनही परतावा फक्त २.२ टक्के राहतो. म्हणून भाव उतरल्यानंतर किरकोळ गुंतवणूकदाराने दोन ते चार वर्षांच्या पेपरमध्ये राहावं, असं माझं ठाम मत आहे. दर पुढे कुठे जातील यावर पैज लावावी लागत नाही. वेळ आणि व्याज मिळून चूक भरून काढतात. लांबचे बाँड विमा कंपन्यांसाठी आणि पेन्शन फंडांसाठी ठीक, कारण त्यांची देणीही तेवढीच लांबची असतात.

मग १२.२५ वाल्याचं काय? तोच हिशेब दुसऱ्या बाजूने करू. समजा सुरक्षित पेपर ७.२५ देतो, म्हणजे इथे ५ टक्के जास्त मिळतात. असे दहा वेगवेगळे पेपर तुम्ही एकेक लाखाचे घेतले आणि २७ महिन्यांत एकच बुडाला. तोही पूर्ण नाही, तीस टक्के परत आले. २० टक्क्यांचा कर धरला तर उरलेल्या नऊ पेपरचं जास्तीचं व्याज २७ महिन्यांत हातात येतं ८१,००० रुपये. बुडालेल्या एकाने ७०,००० मुद्दल नेलं आणि सुरक्षित पेपरवर मिळालं असतं ते १३,००० च्या आसपासचं व्याजही नेलं. म्हणजे दहात एक गेला की सगळी जास्तीची कमाई संपली. त्यातही बुडालेलं मुद्दल व्याजाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. झालाच तर तो भांडवली तोटा, आणि तो भांडवली नफ्यातूनच वळता होतो. व्याजावरचा कर मात्र पूर्ण भरावा लागतो. हे सगळं दहा पेपर घेतले तर. तुम्हाला एकाच पेपरमध्ये वीस लाख टाकायला सांगितलं जातंय.

वितरकाने 'सिक्युअर्ड आहे' असंही सांगितलं असेल. आपल्याकडे तारण म्हटलं की सातबाऱ्यावर चढलेला बोजा डोळ्यांसमोर येतो: जमीन जागची हलत नाही, कर्ज फिटल्याशिवाय विकता येत नाही. फायनान्स कंपनीच्या एनसीडीचं तारण बहुतेक वेळा तिने लोकांना दिलेल्या कर्जांच्या येण्यावर असतं. ती कर्जंच बुडीत निघाली तर तारणही त्यांच्याबरोबर आटतं. तारणावरचा हक्क धारकांच्या वतीने डिबेंचर ट्रस्टीकडे असतो, वसुली दिवाळखोरी संहितेच्या वाटेने जाते आणि त्या वाटेने वर्षं लागतात. बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा विमा असतो, तसा बाँडला एक रुपयाचाही नसतो. (जाता जाता, पतसंस्थेतल्या ठेवीलाही तो विमा नाही. जिल्ह्यात अनेकांना हे माहीत नसतं.)

तरीही तो पेपर स्वतः तपासायचा असेल तर मानांकन संस्थेच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज, ज्या कोणी मानांकन दिलं असेल तिथे चार-सहा पानांची टिपण विनामूल्य मिळते. वितरकाच्या रंगीत पत्रकापेक्षा ती शंभर पटीने उपयोगी. आधी तारीख बघा. मग मानांकनापुढे 'निगेटिव्ह' आउटलुक (पुढे मानांकन घसरण्याची शक्यता) आहे का ते बघा. 'इश्यूअर नॉट कोऑपरेटिंग' असा शेरा असेल तर तिथेच थांबा. कंपनी माहितीच देत नाहीये, असा त्याचा अर्थ. 'सीई' अक्षरं असतील तर मानांकन कंपनीच्या स्वतःच्या ताकदीवर नाही, दुसऱ्या कोणाच्या हमीवर उभं आहे. ती हमी कोणाची ते वाचा.

त्यानंतर थेट लिक्विडिटीचा परिच्छेद गाठा. येत्या बारा महिन्यांत कंपनीला किती फेडायचंय आणि हातात रोख किती, वसुलीतून किती येणार, हे तिथे लिहिलेलं असतं. नवीन कर्ज मिळालं तरच जुनं फिटेल अशी अवस्था असेल, तर यील्ड कितीही असो, तो पेपर घरात आणू नका. फायनान्स कंपन्या तोट्याने मरतात त्याहून जास्त रोख संपून मरतात.

बुडीत कर्जाच्या टक्केवारीकडेही जरा संशयाने बघा. हजार कोटींच्या कर्जात तीस कोटी बुडीत म्हणजे ३ टक्के. वर्षभरात कंपनीने धडाक्यात वाटप करून कर्ज चौदाशे कोटींवर नेलं आणि बुडीत एकोणचाळीस कोटी झालं, तर टक्केवारी २.८ वर येते. पत्रकात 'सुधारणा' छापली जाते, प्रत्यक्षात बुडीत कर्ज तीस टक्क्यांनी वाढलेलं असतं. नवीन कर्ज बुडायलाही वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या छोट्या कंपनीचा कमी एनपीए (बुडीत कर्जाचं प्रमाण) मला कधीच दिलासा देत नाही. २०२४-२५ मध्ये मायक्रोफायनान्समध्ये जो ताण उघडा पडला तो असाच वाटपाच्या वेगामागे साचत गेला होता.

एक कलम वितरक मोठ्या उत्साहाने दाखवतात: मानांकन घसरलं तर व्याज वाढेल, आणि फारच घसरलं तर धारकाला पैसे लवकर परत मागता येतील. कागदावर हे छान दिसतं. पण मानांकन घसरल्यावर सगळेच धारक एकदम पैसे मागायला उभे राहतात, आणि कंपनीकडे तेव्हाच रोख नसते. कमकुवत कंपनीच्या बाबतीत हे कलम कडेलोट जवळ आणतं.

आता तुमच्या घराकडे वळतो. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. तुमची मुख्य कमाई मुळातच बेभरवशाची आहे. मोहोर कधी येतो, कधी जळतो, मार्चमध्ये उष्णता किती चढते, यावर वर्ष ठरतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या बागा मुळासकट झोपवल्या, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी लागणारा पैसा त्याच आठवड्यात लागतो. ए मायनस पेपर त्या आठवड्यात विकायला काढलात तर गिऱ्हाईकच मिळत नाही, मिळालं तर भाव पाडून मागतं. आपल्याकडचे बहुतेक कॉर्पोरेट बाँड रोज विकलेही जात नाहीत.

२३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टन या म्युच्युअल फंडाने बाँडमध्ये गुंतवणाऱ्या सहा डेट योजना बंद केल्या. त्या दिवशीच्या मूल्याहून जास्त रक्कम पुढे धारकांना मिळाली, हे खरं. पण ती हप्त्याहप्त्याने, काही वर्षांत मिळाली. ज्याला त्या मे महिन्यात पैसे हवे होते त्याला बुडणं आणि अडकणं यात काय फरक वाटला असेल?

पक्क्या पगाराचा माणूस थोडी पत-जोखीम घेऊ शकतो. बागायतदाराने ती बागेतच पुरेशी घेतलेली असते. म्हणून तुमच्या पैशात उच्च दर्जाचा पेपर हवा आणि त्याच्या तारखा तुमच्या हंगामाला जुळलेल्या हव्यात. आंब्याचा पैसा एप्रिल ते जूनमध्ये येतो. पावसाळ्यात खतं आणि कल्टार (मोहोरासाठीचं संजीवक), पुढे नोव्हेंबरपासून फवारण्या, राखण आणि कामगारांचे पगार, असा खर्च आठ महिने चालतो. मुदती जुलैत आणि ऑक्टोबरमध्ये संपतील असे पेपर निवडा. (हर्णै-मालवणच्या ट्रॉलरवाल्यांना मी जुलैच्या मध्याची मुदत सांगतो, कारण ३१ जुलैला मासेमारीबंदी उठायच्या आत डिझेल आणि जाळ्यांचे पैसे लागतात.)

वीस लाखांची मांडणी मी अशी करेन. पत्नीला साठ पूर्ण असतील आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जागा शिल्लक असेल, तर आठ लाख तिथे. मर्यादा माणशी ३० लाख आहे आणि एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के राहिला आहे. पैसे भरायच्या दिवशीचा दर पोस्टात बघून घ्या. २०२५ मध्ये ट्रिपल ए सरकारी कंपन्यांचे बाँड सात टक्क्यांच्या आसपास देत होते. सरकारची हमी असताना त्याहून जास्त मिळत असेल तर ते सोडून कॉर्पोरेट पेपरकडे धावायचं कारण नाही. तीन लाख बँकेतच राहू द्या, वादळ-आजारपणासाठी. उरलेले नऊ लाख ही तुमची बाँडमधली संधी. त्यातले सात ट्रिपल ए आणि डबल ए प्लसमध्ये, दोन ते चार वर्षांच्या मुदतीत, किमान पाच कंपन्यांत. फार तर दोन लाख डबल एमध्ये. त्याखाली जायचंच असेल तर एका कंपनीत चाळीस हजारांच्या वर नको. सेबीने २०२४ मध्ये खासगी रीतीने विकल्या जाणाऱ्या ठरावीक बाँडची दर्शनी किंमत दहा हजारांपर्यंत खाली आणायला परवानगी दिली, त्यामुळे रक्कम अशी विभागणं आता शक्य आहे. आणि सगळं एका दिवशी घेऊ नका. सहा महिन्यांत तीन टप्प्यांत घ्या. उतरलेला बाजार आणखी एकदा उतरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

खरेदी करताना बाँडचा आयसिन (ओळख) क्रमांक मागून घ्या आणि तोच बाँड आणखी दोन ठिकाणी किती यील्डला मिळतो ते बघा. ऑनलाइन प्लॅटफॉर्म आपली कमाई वेगळी दाखवत नाहीत, ती भावात मिसळलेली असते. २७ महिन्यांच्या पेपरवर यील्डमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे दहा लाखांवर नऊ-साडेनऊ हजार रुपये. प्लॅटफॉर्म सेबीकडे नोंदलेला हवा, पैसे शेअर बाजाराच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या खात्यात जायला हवेत. एजंटच्या किंवा त्याच्या फर्मच्या खात्यात एक रुपयाही पाठवायचा नाही. बाँड तुमच्या डीमॅटमध्ये दिसेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

कराच्या बाबतीत उतरलेल्या भावाचा एक फायदा आहे. व्याजावर तुमच्या स्लॅबने कर लागतो आणि १० टक्के टीडीएस कापला जातो. पण सूचीबद्ध बाँड ९६३ ला घेऊन बारा महिन्यांहून जास्त ठेवला, तर वरच्या ३७ रुपयांवर १२.५ टक्केच कर. बाँड सूचीबद्ध नसेल तर ही सवलत नाही, म्हणून ते आधी विचारा.

राहिला तुमचा जुना फंड. कॉर्पोरेट बाँड फंडाला ८० टक्के रक्कम डबल ए प्लस किंवा त्यावरच्या पेपरमध्ये ठेवावी लागते, तेव्हा एनएव्ही उतरली ती बहुधा व्याजदरामुळे. फॅक्टशीटमध्ये (फंडाच्या माहितीपत्रकात) मॉडिफाइड ड्युरेशन बघा, म्हणजे यील्ड एक टक्का चढली तर एनएव्ही साधारण किती टक्के उतरते तो आकडा. ते ३ असेल आणि यील्ड अर्धा टक्का चढली असेल, तर दीड टक्क्याची घट अपेक्षितच आहे आणि आता वाढलेल्या यील्डने ती भरून निघेल. एनएव्ही एकाच दिवशी धाडकन पडली असेल किंवा फंडाने एखादा अडचणीतला पेपर वेगळ्या पोर्टफोलिओत काढल्याचं कळवलं असेल, तर गोष्ट निराळी. तसं पत्र आलं असेल तर मला पाठवा. नसेल तर थांबा. १ एप्रिल २०२३ च्या आधी घेतलेली युनिट असतील तर ती तर मुळीच मोडू नका. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या त्या युनिटच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, नंतर घेतलेल्यांवर स्लॅबप्रमाणे. कधी पैसे काढावे लागलेच तर नंतरची युनिट आधी काढायची असतात, पण एका फोलिओत (फंडातल्या खात्यात) आधी घेतलेली आधी विकली गेली असं धरतात. म्हणून यापुढची खरेदी त्या फोलिओत न करता नव्या फोलिओत करा.